उजव्या दारातली लाल गाठ

मोटारीच्या दारात काय काय असते, हे मोटारीच्या मालकाला सहसा माहीत नसते. बाहेरचा पत्रा त्याने पाहिलेला असतो, आतले प्लास्टिकचे आवरणही पाहिलेले असते. पण या दोहोंमधल्या, हात जेमतेम शिरेल अशा पोकळीत माझ्या आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत. दिल्लीच्या द्वारका भागात मेट्रोच्या खांबांपासून थोड्या अंतरावर माझे छोटे दुकान आहे. गाड्यांत रेडिओ आणि स्पीकर बसवणे हा माझा व्यवसाय. त्यातही जुन्या गाड्या माझ्याकडे अधिक येतात, कारण नव्या गाडीचा मालक कंपनीकडे जातो आणि जुन्या गाडीचा मालक ऐकून घेणारा माणूस शोधतो.

मी ऐकून घेणारा माणूस आहे, असा माझा लौकिक होता. तो कितपत खरा होता, हेच मला या लेखात सांगायचे आहे.

माझे बालपण लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेले. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि मुलानेही कोणत्या तरी मंत्रालयाची पायरी चढावी, अशी त्यांची इच्छा होती. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आणि दुकान थाटले. वडिलांनी दुकान पाहून एवढेच विचारले, "म्हणजे तू दुसऱ्यांच्या गाड्यांत बसणार?" ते खरेच होते. दुसऱ्याच्या गाडीत बसून ऐकणे, हेच माझे काम.

बाहेरच्या वाचकासाठी हे काम थोडे उलगडून सांगतो. स्पीकर म्हणजे एक लोहचुंबक, तारेचे एक वेटोळे आणि एक कागदी पडदा. पडद्याच्या कडेला फोमची किंवा रबराची झालर असते. दिल्लीच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते, आणि दहाएक वर्षांत ती फोमची झालर बोट लावताच पिठासारखी गळून पडते. मग आवाज फाटतो आणि मालक म्हणतो, "नवे स्पीकर टाका, सगळ्यांत जास्त वॉटचे." येथे माझे खरे काम सुरू होते. मी त्याला विचारतो की, जुना रेडिओ ठेवणार की बदलणार? कारण जुन्या रेडिओची ताकद बेताची. त्याला थोड्या फुंकरीने हलणारा हलका पडदा हवा. पैलवानी स्पीकर लावला तर तो पडदा जागचा हलत नाही आणि काही स्पीकर तर इतकी वीज मागतात की बिचारा रेडिओ तापून बंद पडतो. मग मी काच पूर्ण खाली करून पाहतो, कारण ती दाराच्या आत उतरते आणि स्पीकरचे चुंबकही तिथेच असते. शेवटी विचारतो की, तुम्ही ऐकता काय? या प्रश्नाने लोक गोंधळतात. डॉक्टरने पोटाचे विचारायचे सोडून स्वभावाचे विचारावे, तसे त्यांना वाटते.

फरीदाबादचे एक कारखानदार होते. त्यांनी परदेशातून आणलेले स्पीकर माझ्यासमोर ठेवले. चुंबक पुरणपोळीच्या तव्याएवढे. मी म्हणालो, "साहब, काच अर्धीसुद्धा खाली येणार नाही."

"शीशा किसको नीचे करना है? एसी है मेरी गाड़ी में," ते म्हणाले.

मी बसवून दिले. महिन्याभराने ते सहज भेटायला आले. दर पार्किंगच्या नाक्यावर त्यांना दार उघडून, एक पाय जमिनीवर ठेवून पावती घ्यावी लागत होती. मी खजील झालो. ते मात्र खूष. "सामंतजी, पहले वो लड़का हाथ बढ़ाता था। अब मैं उतरता हूँ तो सलाम करता है!"

दुसरी आठवण पुण्याहून आलेल्या एका मुलीची. ती गुरुग्रामच्या आयटी कंपनीत होती आणि वडिलांची जुनी गाडी तिने दिल्लीला आणली होती. "काका, स्पीकर बिल्कुल गेलेत. वळणावर खुळखुळतात."

स्पीकर वळणावर खुळखुळत नसतो. मी दाराचे आवरण काढले, आत हात घातला आणि तळाशी अडकलेली काचेची निळी गोटी तिच्या हातावर ठेवली. ती बघतच राहिली. मग तिथेच उभ्या उभ्या तिने फोन लावला. "दादा, ऐक ना. ती निळी गोटी... हो, तीच. तू नव्हती चोरलीस यार." पलीकडून मोठा आवाज आला. तिने फोन कानापासून लांब धरला आणि मला म्हणाली, "काका, लहानपणी मी ह्याला आईकडून मार खायला लावला होता. आता जन्मभर ऐकवणार!"

त्या दिवशी माझी विक्री शून्य झाली आणि मी दिवसभर शीळ घालत होतो. ती गोटी पाहून मला स्वतःविषयी शंका यायला हवी होती. ती आली नाही. आपल्या दारात काय खुळखुळते आहे, हे त्या मुलीला तरी ऐकू येत होते.

आता साळवे सरांकडे वळतो.

साळवे सर मूळचे अहमदनगरचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त होऊन ते द्वारकेत स्थायिक झाले होते. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचे समूहगान त्यांच्या हाती होते. नाताळात ते त्यांच्या उपासनेची मराठी गीते बसवत आणि दिवाळीच्या पहाटे द्वारकेतल्या मोठ्या बागेत मंडळाची गाणी. सुराच्या बाबतीत ते कोणाचीही गय करत नसत, पण रागावतही नसत. चुकणाऱ्याकडे मान किंचित तिरकी करून पाहत; तेवढे पुरे होई. माझी पत्नी मीना या समूहात गाते.

सात वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या जुन्या गाडीत पुढच्या दोन्ही दारांत नवे स्पीकर बसवून घेतले. रेडिओ जुनाच ठेवायचा होता, म्हणून मी हलक्या पडद्याची, आवाज स्वच्छ देणारी जोडी निवडली. निवड अचूक होती, हे आजही सांगतो. चूक निवडीत नव्हती.

प्रत्येक स्पीकरला दोन तारा जातात, एक धन आणि एक ऋण. दोन्ही दारांतले पडदे एकाच क्षणी पुढे आणि एकाच क्षणी मागे सरकले पाहिजेत. एका दारात तारा उलट्या लागल्या, तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो. झोपाळ्याला एकाने पुढे लोटावे आणि त्याच क्षणी दुसऱ्याने मागे ओढावे, तसे होते. वाईट म्हणजे, आवाज बंद पडत नाही. गाणे वाजत राहते. फक्त खालचे सूर पातळ होतात आणि समोर मधोमध बसून गाणारी व्यक्ती जणू उठून निघून जाते. ती कुठून गाते आहे ते कळेनासे होते.

हे टाळण्यासाठी आमच्या धंद्यात एक साधा उपाय आहे. घड्याळातला पेन्सिल सेल तारांना क्षणभर टेकवायचा. पडदा बाहेर उसळला तर तारा सरळ, आत गेला तर उलट्या. खात्री पटली की धन तारेला मी लाल दोऱ्याची गाठ बांधतो. ती माझी खूण. माझा मदतनीस इक्बाल, जो माझ्याच वयाचा आहे, गमतीने म्हणतो, "ये सामंतजी का सिंदूर है।"

साळवे सरांच्या गाडीच्या उजव्या दाराला पूर्वी कधीतरी धक्का लागला होता. दुरुस्ती करणाऱ्याने दोन्ही तारा काळ्याच जोडल्या होत्या. त्या दिवशी ड्रॉवरमधला सेल संपलेला होता. नवा आणायला समोरच्या दुकानात जावे लागले असते. रस्ता ओलांडायचा, बस. मी स्वतःशी म्हणालो, इतक्या वर्षांनी मला सेल कशाला हवा? दोन काळ्या तारांपैकी एक निवडली आणि अंदाजावर माझी खात्रीची गाठ बांधली. नंतर रिवाजाप्रमाणे दारे उघडी ठेवून, ग्राहकाला गाडीबाहेर उभे करून, आवाज मोठा करून दाखवला. उघड्या दारांत असली चूक लपून जाते.

आठ दिवसांनी सर पुन्हा आले. "सामंत, काहीतरी होतंय. गाणारी बाई गाडीत नाहीये असं वाटतं. भिंतीपलीकडून गातेय."

मी शेजारच्या आसनावर बसलो. भर रस्त्यावर, गर्दीत, वरून विमान जात असताना मी जेमतेम दोन मिनिटे ऐकले. आणि अत्यंत आदराने, हळू आवाजात म्हणालो, "सर, स्पीकर उत्तम आहेत. वय झालं की कानांचं थोडं असं होतं."

त्यांनी रेडिओ बंद केला. "असेल. असेल," म्हणाले, आणि माझे आभार मानून गेले.

मी आयुष्यात कोणावर आवाज चढवला नाही, याचा मला अभिमान होता. एखाद्याचे नुकसान करायला आवाज चढवावा लागत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हते.

त्या वर्षीच्या दिवाळीआधी सरांनी समूहगान सोडले. कारण सांगितले नाही. मंडळ मग मोबाईलमधल्या सुरावर गाऊ लागले. मीना दर वर्षी तालमीहून आली की जेवताना कुरकुरे, "साळवे सर गेले आणि आमच्या गाण्याची पातळ आमटी झाली बघा. कोण चढतंय, कोण उतरतंय, कोणाला पत्ता नाही. असे कसे हो सोडून गेले?"

"काहीतरी घरगुती असेल," असे म्हणून मी भात वाढून घेत असे.

गेल्या वर्षी, दिवाळीला महिनाभर असताना, ती गाडी पुन्हा माझ्या दारात उभी राहिली. चालवत होती सरांची मुलगी रूथ. सर शेजारी बसले होते, आधीपेक्षा बारीक झालेले.

"सामंत, गाडीची आता थोडीच वर्षं उरलीत, पण तेवढी ही वापरणार आहे," ते म्हणाले. "मागचे स्पीकर फाटलेत. हिच्यासाठी चांगले बघून द्या. पुढचेही एकदा तपासा."

"आणि तुम्हाला कसा आवाज हवाय, सर?"

"मला कुठे काय कळतंय आता!" ते हसून म्हणाले. "तुम्हीच नाही का सांगितलं होतं? कान गेल्यावर दुसऱ्यांचे सूर कसे दुरुस्त करणार? समूहगानसुद्धा सोडलं मी तेव्हाच."

रूथ माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, पप्पा गाडीत रेडिओच लावत नाहीत. घरीपण नाही."

माझ्या हातात स्क्रू काढण्याचे पेचकस होते. ते मी खाली ठेवले आणि पुन्हा उचलले. सरांना व रूथला बाकावर बसवून मी व इक्बालने दोन्ही दारांची आवरणे उतरवली. रेडिओ बाहेर काढला. पेन्सिल सेल घेतला. डाव्या दाराच्या तारांना टेकवला. पडदा टपकन बाहेर आला. उजव्या दाराच्या तारांना टेकवला.

पडदा आत गेला.

मी पुन्हा टेकवला. पुन्हा आत.

"किसी अनाड़ी ने उल्टा जोड़ा है," इक्बाल म्हणाला. मग तो वाकला. काळ्या तारेवर माझी लाल गाठ होती, सहा वर्षांच्या धुळीने तपकिरी झालेली. तो सरळ झाला आणि माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाला, "सीधा कर देते हैं, भाईसाहब। इनको लगेगा नए स्पीकर का कमाल है। किसको पता चलेगा?"

इक्बाल माझ्यावरच्या प्रेमानेच ते बोलला. मी प्रामाणिकपणे लिहितो की, तो पर्याय मला आवडला. तारा बदलायला दोन मिनिटे लागतात. सर आनंदाने घरी गेले असते आणि माझा लौकिक शाबूत राहिला असता. पण तसे केले असते, तर 'माझे कान गेले होते' हे त्यांच्या मनातून कधीच गेले नसते. आवाज सुधारला असता आणि माणूस तसाच राहिला असता.

मी तारा सरळ केल्या. मागचे फाटके स्पीकर बंद केले. सरांना चालकाच्या आसनावर बसवले, चारही दारे लावली, काचा वर केल्या. रेडिओ परत बसवून त्याला माझा फोन जोडला. फोनमध्ये मंडळाच्या आदल्या दिवाळीच्या पहाटेचे ध्वनिमुद्रण होते, दोन मायक्रोफोन लावून नीट केलेले. मी मागे बसलो, रूथ सरांच्या शेजारी.

गाणे सुरू झाले. पहिल्या ओळीला सर काचेबाहेर पाहत होते. दुसऱ्या ओळीला त्यांचा हात गुडघ्यावरून उठला. तिसऱ्या ओळीला ते समोरच्या काचेकडे पाहू लागले, जणू गाणारे बॉनेटवर बसले आहेत.

"आले," ते पुटपुटले. "समोर आले सगळे." आणि अंतरा सुरू होताच त्यांची मान किंचित तिरकी झाली. "ही कोण? डावीकडून तिसरी बाई. अंतऱ्याला चढतेय."

मी डोळे मिटले. डावीकडून तिसरी माझी पत्नी होती.

"सर," मी म्हणालो, "तुमच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. उजव्या दारातली तार मी उलटी जोडली होती. सेल लावून पाहायचा आळस केला. तुम्ही आठ दिवसांत येऊन बरोबर दोष सांगितलात, तोही मी ऐकला नाही. तुमच्या वयावर ढकलला. अजून एकही नवा स्पीकर लावलेला नाही, सर. हे तेच आहेत."

गाणे चालू होते. रूथने ते बंद केले. सर दार उघडून उतरले, रस्त्याच्या कडेपर्यंत चालत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. बराच वेळ. मी त्यांच्या मागे गेलो नाही; क्षमा मागणाऱ्याने घाई करू नये असे मला वाटते. इक्बालने चहा सांगितला आणि तो कोणीच घेतला नाही.

ते परतले तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता. "सहा दिवाळ्या, सामंत," ते म्हणाले. "सहा नाताळ. मी मागच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवायचो."

"हो, सर."

"त्या दिवशी तुम्ही 'तपासतो' एवढं म्हणायला हवं होतं."

"हो, सर."

"हो सर, हो सर! भांडा तरी माझ्याशी!" त्यांचा आवाज इतका खणखणीत होता की पलीकडच्या पंक्चरवाल्याने मान वर केली. मग ते बाकावर बसले, आणि थोड्या वेळाने खांदे उडवून म्हणाले, "मी कानाच्या डॉक्टरकडेही गेलो होतो. त्यांनी सांगितलं, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. मी 'वयाच्या मानाने' तेवढंच ऐकलं. कारण तुम्ही आधी सांगून ठेवलं होतं."

"एक मिनिट," रूथ म्हणाली. तिचे डोळे विस्फारले होते. "पप्पा, म्हणजे तुम्हाला सगळं नीट ऐकू येत होतं? सहा वर्षं आम्ही घरात तुमच्याशी ओरडून बोलतोय!"

"मला वाटायचं, तुम्ही सगळे माझ्यावर चिडलेले असता!"

रूथ हसू लागली. तिला पाहून सर हसले. इक्बालला मराठीतले अर्धेच समजले होते, तरी तो सर्वांत मोठ्याने हसला. मला हसायचा अधिकार नव्हता, पण हसू काही अधिकार पाहून येत नाही. हसता हसता माझे डोळे भरून आले, आणि सर म्हणाले, "चला, आता तो चहा घ्या. गार झाला असेल, तीच तुमची शिक्षा."

ती खरी शिक्षा नव्हती. खरी त्यांनी जाताना सुनावली. दिवाळीच्या पहाटे बागेतले सगळे ध्वनिवर्धक मी लावायचे, आणि प्रत्येकाला सेल टेकवून त्यांच्यासमोर दाखवायचे.

मागचे स्पीकर मी रूथच्या आवडीने निवडले. ती काय ऐकते, हे विचारून मी वहीत लिहून घेतले. नंतर तिला आत बसवून, दारे लावून ऐकवले. आता मी प्रत्येक ग्राहकाला तसेच ऐकवतो, आणि कोणी परत येऊन "काहीतरी होतंय" म्हणाले की सेल हातात घेतो. माझ्या ड्रॉवरमध्ये सेलचे अख्खे पाकीट असते. इक्बालने त्यावर खडूने लिहिले आहे, 'साळवे साहब'.

घरी मीनाला सर्व सांगितले. ती पाचेक मिनिटे काहीच बोलली नाही. आमच्या घरात हा विक्रम आहे. मग म्हणाली, "म्हणजे घरगुतीच कारण होतं की हो. आपल्याच घरातलं!" दोन दिवस ती माझ्याशी बेताचेच बोलली. तिसऱ्या दिवशी तालमीहून आली ती फुललेली. "सर आले! आणि पहिल्याच दिवशी मलाच पकडलं. अंतऱ्याला चढते म्हणे मी!"

दिवाळीच्या पहाटे बागेत धुके होते. सतरंज्या दवाने ओलसर झाल्या होत्या. मंडळी ठेवणीतल्या साड्या-झब्ब्यांवर स्वेटर चढवून फराळाच्या डब्यांसह येत होती. मी आधीच येऊन चारही ध्वनिवर्धक लावले होते. सरांनी खाकरून माईकवर, सर्वांच्या देखत विचारले, "सामंत, सेल?"

मी सेल उंच धरून दाखवला. कोणाला काही उमगले नाही, पण टाळ्या पडल्या.

सरांनी सूर दिला. मोबाईल त्यांच्या खिशातच होता. बत्तीस गळे एकदम उठले, आणि मी, ज्याला स्वतःला सुरात गाता येत नाही, तोही सांगू शकत होतो की सगळे समोर आले आहेत, मधोमध, एका जागी. अंतरा जवळ आला तशी सरांची मान तिरकी होऊ लागली. डावीकडून तिसरीने त्यांच्याकडे पाहिले, श्वास आवरला आणि सूर जिथे असायला हवा नेमका तिथे ठेवला. सरांची मान सरळ झाली.

घरी परतताना गाडीत मीनाने रेडिओ लावला. मग म्हणाली, "अहो, खरं सांगा. मी अंतऱ्याला चढते, हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

एका महिन्यात दोन कबुल्या माझ्यासारख्या माणसाला जड जातात. पण एकदा दार उघडलेच होते.

"हो," मी म्हणालो. "सरांनी सोडलं त्या वर्षापासून."

तिने माझ्याकडे पाहिले. वाटले, आता पुन्हा दोन दिवसांचे मौन. तिने हात पुढे करून आमच्या जुन्या गाडीचा रेडिओ बंद केला आणि तो अंतरा मला एकट्याला, अगदी हळू, सुरात गाऊन दाखवला.